लोवानियम विद्यापीठ, काँगो : विद्यार्थ्यांनी मागितलं काय आणि पदरात पडलं काय

मुक्ता_स

काँगोबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा स्वतंत्र काँगोचे पहिले पंतप्रधान लुमुंबा यांच्या खुनापाशी येऊन थांबतं. त्यापुढच्या दहा वर्षांत तिथल्या शिकल्यासवरल्या पिढीचं काय झालं हे समजून घ्यायचं असेल, तर लोवानियम या कॅथलिक विद्यापीठाची हकीकत माहीत असायला हवी. ती सहसा 'मोबुटूने चर्चचं विद्यापीठ बळकावलं' अशा एका ओळीत उरकली जाते. त्या ओळीत चर्च असतं, हुकूमशहा असतो, विद्यार्थी मात्र कुठेच नसतात. म्हणून हा धागा.

सुरुवात बेल्जियममधल्या लूव्हां इथल्या जुन्या कॅथलिक विद्यापीठापासून. लोवानियम हे त्याच गावाचं लॅटिन नाव. १९२६ साली या विद्यापीठाने काँगोत किसांतू इथे, जेझुइटांच्या मिशनच्या आसऱ्याने, वैद्यकीय केंद्र काढलं. पुढे शेतीचं शिक्षण आलं. पण तिथे डॉक्टर तयार होत नव्हते, डॉक्टरांचे मदतनीस तयार होत होते. बेल्जियमचं धोरणच तसं होतं. प्राथमिक शाळा भरपूर, सगळ्या जवळजवळ मिशनऱ्यांच्या हाती, माध्यमिक मोजक्या, त्यापुढे शिकायचं असेल तर धर्मगुरू व्हायचं. उच्चशिक्षित नसले की कटकट नाही, असं त्या काळी उघडपणे बोललं जायचं.

हे धोरण दुसऱ्या महायुद्धानंतर टिकणं शक्य नव्हतं. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये लिओपोल्डव्हिल (आजचं किन्शासा) शहराबाहेर मों अंबा नावाच्या टेकडीवर लोवानियम सुरू झालं. पहिल्या वर्षी ३३ विद्यार्थी आणि ७ प्राध्यापक. रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचे प्रमुख, होते ल्यूक जिलाँ, कॅथलिक धर्मगुरू आणि अणुभौतिकीचे अभ्यासक.

एक गोष्ट लोवानियमच्या बाजूने ठामपणे सांगायला हवी. खाली शहरात गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची वेगळी, आणि रात्र झाली की काळ्या माणसाला गोऱ्यांच्या भागात फिरायला बंदी. वर टेकडीवर मात्र गोरी आणि काळी मुलं एकाच वर्गात बसत आणि एकाच वसतिगृहात राहत. अभ्यासक्रम बेल्जियमचाच, परीक्षाही तितकीच कडक. 'आफ्रिकन माणसाला चालेल अशी' दुय्यम पदवी इथे नव्हती. १९५४ साली वसाहतीत हे करायला हिंमत लागते, आणि ती चर्चने दाखवली. सरकारने दुसरं, निधर्मी विद्यापीठ एलिझाबेथव्हिलला काढलं ते यानंतर, १९५६ मध्ये.

पण घर बांधून दिलं तरी किल्ल्या बेल्जियममध्येच राहिल्या. विद्यापीठाचं नियामक मंडळ तिकडे बसायचं. प्राध्यापक बहुतेक तिकडचे. ३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा काँगोत काळे पदवीधर बोटांवर मोजण्याइतकेच होते. सप्टेंबरमध्ये लष्करातल्या मोबुटूने लुमुंबांना बाजूला सारलं आणि कारभार पाहायला जे आयुक्तांचं मंडळ नेमलं, त्यात चक्क विद्यार्थी आणि नुकतेच पदवी घेतलेले तरुण होते, बरेचसे लोवानियमचे किंवा लूव्हांचे. कालपर्यंत नोट्स काढणारा मुलगा आज खात्याचा प्रमुख! या पिढीला आपल्या पदवीची किंमत कळली होती आणि आपल्याच विद्यापीठात आपल्याला कोणी काही विचारत नाही, हेही कळलं होतं.

मार्च १९६४ मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला. सुमारे आठवडाभर आवार त्यांच्या ताब्यात होतं. मागण्या नीट वाचल्या तर विद्यापीठ बंद पाडायचा त्यात कुठेही विचार नव्हता. कारभारात आम्हाला वाटा द्या, आफ्रिकन प्राध्यापक घ्या, निर्णय लूव्हांत न होता इथे होऊ द्या, एवढंच. ही पोरं विद्यापीठासाठी भांडत होती, विद्यापीठाशी नव्हे. पुढच्या सगळ्या प्रकरणात हाच धागा मला दिसतो.

१९६७ मध्ये तार्सिस चिबांगू हे पहिले काँगोली रेक्टर झाले. एक मागणी पुरी झाली असं म्हणता येईल. पण तोवर दुसरी गाठ घट्ट झाली होती. विद्यापीठ नावाला खासगी, पण खर्चाचा मोठा भार सरकारी अनुदानावर, आणि सरकार म्हणजे आता सर्वेसर्वा झालेला मोबुटू. त्याच वर्षी चलन बदललं. हजार फ्रँकचा एक झाईर झाला, महागाईने विद्यावेतनाचं पाणी झालं. १९६८ च्या जानेवारीत अमेरिकेचे उपाध्यक्ष हंफ्री यांनी लुमुंबांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा लुमुंबांच्या खुनात अमेरिकेचाच हात आहे असं मानणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी निदर्शनं केली आणि त्यानंतर देशभरच्या विद्यार्थी संघटनेवर बंदी आली. आता फक्त सत्ताधारी पक्षाची युवक शाखा.

४ जून १९६९. लोवानियमचे विद्यार्थी विद्यावेतनवाढ आणि कारभारातला वाटा या दोन मागण्या घेऊन टेकडी उतरून शहराकडे निघाले. हातात शस्त्र नव्हतं. सैन्याने गोळीबार केला. सरकारने सहा मृत्यू मान्य केले. विद्यार्थ्यांच्या म्हणण्याप्रमाणे आकडा याच्या कितीतरी पट होता. हिशेब लागणार कसा? प्रेतं घरच्यांच्या हाती दिलीच नाहीत, परस्पर पुरून टाकली. आईबापांना माती द्यायलाही मिळालं नाही. नेत्यांवर खटले भरून वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या आणि काही महिन्यांनी मोबुटूने 'उदारपणे' माफी जाहीर केली.

दोन वर्षांनी, जून १९७१ मध्ये, मेलेल्या मित्रांसाठी शोक पाळायचं विद्यार्थ्यांनी ठरवलं. नेमकं त्याआधी मोबुटूच्या आईचं निधन झालं होतं आणि तिच्यासाठी सरकारी इतमामात दुखवटा झाला होता. राष्ट्राध्यक्षाच्या आईसाठी अख्ख्या देशाने रडायचं, आणि गोळ्या खाऊन गेलेल्या पोरांचं नावही घ्यायचं नाही? सैन्य आवारात शिरलं. विद्यापीठ बंद झालं आणि विद्यार्थ्यांना सरसकट सैन्यात भरती करून टाकलं. शिक्षा म्हणून गणवेश!

मग ऑगस्ट १९७१ मध्ये लोवानियम, लुबुंबाशीचं (म्हणजे जुन्या एलिझाबेथव्हिलचं) सरकारी विद्यापीठ आणि किसांगानीचं प्रोटेस्टंट विद्यापीठ अशी तिन्ही एकत्र करून एकच राष्ट्रीय विद्यापीठ काढलं. देशाचं नाव त्याच ऑक्टोबरात झाईर झालं आणि विद्यापीठ 'युनाझा', म्हणजे झाईरचं राष्ट्रीय विद्यापीठ. विभाग तिन्ही शहरांत वाटले. कायदा, वैद्यक, विज्ञान किन्शासात, भाषा आणि समाजशास्त्रं लुबुंबाशीला, शिक्षणशास्त्र किसांगानीला. राजधानीत टीका करणारी शाखा राहायलाच नको, ती दीड हजार किलोमीटर लांब गेलेली बरी, हा हिशेब त्यात मला स्पष्ट दिसतो.

कारभार आफ्रिकनांच्या हाती द्या, ही विद्यार्थ्यांची मागणी मोबुटूने उचलली, तिच्यावर राष्ट्रवादाचा शिक्का मारला आणि सगळा कारभार स्वतःच्या पक्षाच्या हाती दिला. चर्चचं विद्यापीठ गेलं, विद्यार्थ्यांनाही मिळालं नाही.

कृष्णाकाठ

मुक्ताताई, मेहनतीने लिहिलंय. पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. स्वतंत्र देशाचं सर्वात मोठं विद्यापीठ परदेशी संस्थेच्या नावाने चालावं आणि खर्च मात्र काँगोच्या तिजोरीने उचलावा, हे किती दिवस चालणार होतं? मोबुटू नसता, एखादा सज्जन माणूस असता, तरी राष्ट्रीयीकरण झालंच असतं. आफ्रिकेत तेव्हा सगळीकडेच शाळा-कॉलेजं सरकारं ताब्यात घेत होती. तुम्ही चर्चला जरा जास्तच माप दिलंय असं वाटतं.

मुक्ता_स

कृष्णाकाठ, राष्ट्रीयीकरण चूक, असं मी म्हटलेलं नाही. नियामक मंडळ किन्शासात आणून त्यात काँगोली प्राध्यापक, बिशप, सरकार आणि विद्यार्थी सगळ्यांना जागा देता आली असती. विद्यार्थ्यांची मागणी जवळपास तशीच होती. मोबुटूने ती वाट घेतली नाही, कारण तसं विद्यापीठ त्याच्याही ऐकण्यात राहिलं नसतं.

आणि चर्चला माप जास्त दिलं म्हणता, तर दुसरी बाजूही मांडते. जिलाँ १९५४ पासून १९६७ पर्यंत रेक्टर होते. स्वातंत्र्यानंतरची सात वर्षं! १९६० नंतर लगेच सत्ता हस्तांतराला हात घातला असता, तर पोरं आणि विद्यापीठ एका बाजूला उभी राहिली असती. तो उशीर चर्चचाच, आणि तो फार महागात पडला.

अणुरेणू

अणुभट्टीचा उल्लेख राहिला! आफ्रिका खंडातली पहिली अणुभट्टी कुठे होती? लोवानियमच्या आवारात. जून १९५९ मध्ये ती सुरू झाली, ५० किलोवॅटची, अमेरिकन बनावटीची ट्रायगा प्रकारची. तिला ट्रिको म्हणत. आपली तुर्भ्याची अप्सरा १९५६ ची, ती आशियातली पहिली. म्हणजे अवघ्या तीन वर्षांचं अंतर.

काँगोलाच ती का मिळाली, यामागे मोठं कारण आहे. हिरोशिमाच्या बॉम्बसाठी लागलेल्या युरेनियमचा मोठा वाटा काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीतून गेला होता. अमेरिका तेव्हा 'शांततेसाठी अणू' म्हणून मित्रदेशांना छोट्या भट्ट्या देत होती, आणि इथे रेक्टरच अणुभौतिकीवाले. ५० किलोवॅट म्हणजे वीज करण्याची भट्टी नव्हे, बरं का. वैद्यक आणि शेतीच्या संशोधनासाठी किरणोत्सारी समस्थानिकं करायची आणि विद्यार्थ्यांना शिकवायचं, एवढाच उपयोग. पण त्या काळी आफ्रिकेत दुसरीकडे कुठेही ते शिकायची सोय नव्हती.

१९७२ मध्ये दुसरी, १ मेगावॅटची भट्टी आली, म्हणजे राष्ट्रीयीकरणानंतर. पुढची हकीकत वाईट आहे. सत्तरच्या दशकात इंधनाच्या दोन कांड्या चोरीला गेल्या. त्यातली एक १९९८ मध्ये इटलीत गुन्हेगारी टोळीकडे सापडली. दुसरीचा पत्ता नाही. ही १ मेगावॅटची भट्टी २००४ पासून बंद आहे.

कृष्णाकाठ

बाप रे. हे खरंच माहीत नव्हतं.

वसईकर मायकल

धागा आवडला. आमच्याकडे धर्मशास्त्र शिकलेल्या लोकांना लोवानियम हे नाव वेगळ्या कारणासाठी माहीत असतं, म्हणून चार ओळी.

लोवानियममध्ये १९५७ पासून धर्मशास्त्राची शाखा होती. जानेवारी १९६० मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या पाच महिने आधी, तिथे एक जाहीर वाद झाला. एका बाजूला शाखेचे प्रमुख फादर आल्फ्रेड वानेस्ट, बेल्जियन. दुसऱ्या बाजूला विद्यार्थी तार्सिस चिबांगू. होय, तेच, मुक्ताताईंनी लिहिलेले पुढचे रेक्टर. 'आफ्रिकन धर्मशास्त्र' अशी काही गोष्ट असू शकते का, हा विषय. चिबांगूंचं म्हणणं, श्रद्धा एकच असली तरी आफ्रिकन माणूस तिचा विचार आपल्या पद्धतीने, आपल्या परंपरेतून करेल. वानेस्ट म्हणत, सत्य सगळ्यांसाठी सारखं असतं, तेव्हा धर्मशास्त्रही सगळ्यांसाठी एकच. सव्वीस वर्षांच्या नव्या फादरने आपल्याच विभागप्रमुखापुढे असं उभं राहणं, तेही त्या काळात!

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (जगभरच्या कॅथलिक बिशपांची रोममधली सभा) चिबांगू तज्ज्ञ म्हणून गेले. परिषदेनंतर जगभर लोकभाषेत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुरू झाली. आमच्या वसईतही लॅटिन जाऊन मराठी मिस्सा आली ती त्याच बदलाने. पुण्यातल्या पोपच्या विद्यापीठात (ते १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आलं, लोवानियमच्या आगेमागेच) भारतीय परंपरेतून धर्मशास्त्राचा विचार कसा करायचा, यावर वर्षानुवर्षं काम झालं. म्हणून काँगोतला तो वाद आम्हाला परका वाटत नाही.

कृष्णाकाठ यांना एवढंच सांगेन. चर्च परदेशी होतं हे खरं, पण ते आतून बदलत होतं आणि बदलणारे काँगोलीच होते. किन्शासाचे कार्डिनल मालुला घ्या. बेल्जियनांच्या काळापासून ते स्थानिक चर्चसाठी झगडले. तरीही मोबुटूचा त्यांच्याशी खटका उडाला. १९७२ मध्ये ख्रिस्ती नावं टाकून 'अस्सल' आफ्रिकन नावं घ्या अशी सक्ती आली, सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयांत) पक्षाच्या शाखा काढा म्हणून फर्मान निघालं. मालुलांनी विरोध केला, तेव्हा त्यांचं निवासस्थान काढून घेतलं आणि त्यांना काही महिने रोममध्ये काढावे लागले. आफ्रिकन असण्याचा आग्रह धरणाऱ्या माणसालाच 'तू पुरेसा आफ्रिकन नाहीस' म्हणून देशाबाहेर काढलं. याची चीड येते.

निशिगंधा

सगळी चर्चा पुरुषांवरच चालली आहे, म्हणून सोफी कांझा यांचं नाव नोंदवते. १९६४ मध्ये त्या लोवानियममधून समाजशास्त्राच्या पदवीधर झाल्या. विद्यापीठाची पदवी घेणारी पहिली काँगोली स्त्री. १९६६ मध्ये मंत्री झाल्या, देशातल्या पहिल्या महिला मंत्री. पदवीनंतर अवघ्या दोन वर्षांत! त्यांचे भाऊ थॉमस कांझा लूव्हांत शिकलेले, लुमुंबांच्या सरकारात मंत्री होते.

सोफींचे पती मार्सेल लिहाऊ. ते लोवानियमच्या कायदा शाखेचे प्रमुख आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पहिले अध्यक्ष. १९७५ मध्ये निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांना कडक शिक्षा द्यायला त्यांनी नकार दिला आणि मोबुटूने त्यांना पदावरून काढलं. मुक्ताताई, तुम्ही म्हणता ना की विद्यार्थी विद्यापीठासाठी भांडले. त्यांच्या बाजूने उभा राहणारा एक प्राध्यापक न्यायाधीशाच्या खुर्चीत होता आणि त्याने किंमत मोजली. पुढे लिहाऊंनी एतियेन चिसेकेदींबरोबर विरोधी पक्ष काढला. चिसेकेदीही लोवानियमचेच, कायद्याचे.

सोफींना १९७७ मध्ये अपघात झाला, चालणं कायमचं गेलं. तरी त्या काम करत राहिल्या. नवराबायको दोघेही १९९९ मध्ये वारले.

मुक्ता_स

निशिगंधा, मनापासून आभार. लिहाऊंबद्दल वेगळा धागा काढाच. १९६४ च्या राज्यघटनेच्या मसुद्यातही त्यांचा मोठा हात होता.

किन्शासा_मुक्काम

मी कामानिमित्त किन्शासात राहतो. (इथे भारतीय बरेच आहेत, मुख्यतः गुजराती व्यापारी आणि औषध व्यवसायातले. मराठी मंडळी कमी.) तेव्हा आजचं थोडं.

१९८१ मध्ये युनाझा मोडलं आणि तिन्ही पुन्हा वेगळी झाली. टेकडीवरच्या विद्यापीठाचं नाव आता किन्शासा विद्यापीठ, लोक युनिकिन म्हणतात. काही हजारांसाठी बांधलेल्या आवारात आज त्याच्या कितीतरी पट विद्यार्थी आहेत. एकेकाळी एकट्यासाठी असलेल्या खोल्यांत पाचसहा जण दाटीवाटीने राहतात. वर्गात जागा मिळावी म्हणून पहाटे येऊन बाक धरून ठेवतात. वर चढायला जुन्या मालवाहू व्हॅन, पत्र्याला भोकं पाडून खिडक्या केलेल्या आणि आत लाकडी फळ्या टाकलेल्या. लोकांनी त्यांना 'मृत्यूचा आत्मा' असं नाव दिलंय. मागच्या दारात दोन-तीन मुलं लटकलेली, एका हातात वही, दुसऱ्या हाताने पट्टी धरलेली.

टेकडीची माती वाळूची आहे. पाऊस झाला की घळी पडतात आणि वर्षागणिक रुंद होतात. अणुभट्टीच्या दिशेने जमीन खचते म्हणून चिंता व्यक्त होते, ती त्यामुळेच. गटारं बांधलेली नाहीत, वस्ती वाढतेय, पाणी जाणार कुठे?

एवढं असूनही या पोरांची शिकायची जिद्द पाहिली की मान खाली जाते. संध्याकाळी वीज गेलेली असते, तेव्हा रस्त्यावर जिथे दिवा असेल तिथे मुलं वाचत उभी असतात. लोवानियमचं नाव जुन्या लोकांच्या तोंडून आजही आदराने येतं. माझ्या ओळखीचे एक वृद्ध डॉक्टर 'मी लोवानियमचा' असंच सांगतात, युनिकिनचा म्हणत नाहीत.

कृष्णाकाठ

@किन्शासा_मुक्काम, पगाराचं काय? सरकारी विद्यापीठ म्हणजे प्राध्यापकांना निदान पगार तरी वेळेवर मिळत असेल ना?

किन्शासा_मुक्काम

दादा, तिथेच तर घोडं पेंड खातं. नव्वदच्या दशकात मोबुटूची राजवट कोलमडली तेव्हा पगार नाममात्र उरले, तेही थकलेले. मग पालकांनीच वर्गणी काढून प्राध्यापकांना पैसे द्यायला सुरुवात केली. ती पद्धत शाळांपासून विद्यापीठापर्यंत पसरली. संप तर दर थोड्या दिवसांनी.

वसईकर मायकल

आणि कॅथलिक विद्यापीठाचं पुढे काय झालं, हे राहिलं. १९७४ मध्ये सरकारने धर्मशास्त्राची शाखा युनाझातून काढून टाकली. बिशपांनी ती बंद पडू दिली नाही, किन्शासातच स्वतंत्रपणे चालवली. हळूहळू इतर शाखा जोडल्या गेल्या आणि २००९ पासून ती काँगोचं कॅथलिक विद्यापीठ या नावाने चालते. म्हणजे सरकारला नको म्हणून जी एक शाखा बाहेर टाकली, तिच्यातूनच कॅथलिक विद्यापीठ पुन्हा उभं राहिलं.

मुक्ता_स

मायकल, यात एक भर. १९८९ नंतर खासगी विद्यापीठांना पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा चर्चने पूर्वेकडे बुकावू आणि बुतेंबो इथेही विद्यापीठं काढली. बुकावूवर काही वर्षांतच युद्ध कोसळलं. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथले आर्चबिशप मुंझिहिर्वा यांना सैनिकांनी रस्त्यात ठार मारलं. तरी विद्यापीठ टिकलं.

मात्र ही नवी विद्यापीठं लोवानियमसारखी नाहीत. लोवानियमला सरकारी अनुदान होतं, अमेरिकन प्रतिष्ठानांचे पैसे होते, मुलांना विद्यावेतन होतं. ते अपुरं पडतं म्हणून १९६९ ला मुलं रस्त्यावर उतरली. आज चर्चचं असो की सरकारी, फी घरच्यांनी भरायची. कोणी शेत विकतं, कोणी एका मुलाला शिकवायचं म्हणून दुसऱ्याचं शिक्षण थांबवतं, आणि थांबवायची वेळ आली की बहुतेकदा मुलीचंच थांबतं. लोवानियम निघण्याआधी काळ्या मुलाला विद्यापीठाचं दार जवळजवळ रंगामुळेच बंद होतं, आता पैशामुळे. सहव्यवस्थापनाची, म्हणजे कारभारात विद्यार्थ्यांना वाटा देण्याची, मागणी राष्ट्रीयीकरणानंतर कोणत्याही सरकारने गंभीरपणे घेतली नाही, आणि ४ जूनच्या मृतांची पूर्ण यादी सरकारकडून अधिकृतपणे जाहीर व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ज्यांची मुलं गेली त्यांची भावंडं अजून हयात आहेत.